शाळेची वाट आणि सोबतीचा प्रश्न



जून महिना जवळ आला की घरोघरी शाळेच्या गोष्टी सुरू होतात. माध्यम कोणते, फी किती, शिक्षक कसे, दहावीचा निकाल किती टक्के, याची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. मूल शाळेत जाणार कसे आणि येणार कसे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि 'मोहल्ल्यातले रिक्षावाले आहेतच की' एवढ्या उत्तरावर संपतो. मुलगी मोठी होऊ लागली की मात्र हाच प्रश्न एकदम पहिला होतो आणि पुष्कळदा तिचे शिक्षण त्या प्रश्नापाशीच थांबते. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत आपण वाटेचा विचारच करत नाही, आणि मोठ्या मुलीच्या बाबतीत वाटेच्या भीतीने शाळाच बंद करतो.

या दोन्ही गोष्टी सारख्याच नुकसानीच्या आहेत. शाळा तिच्या फाटकापाशी सुरू होत नाही, ती आपल्या उंबऱ्यापासून सुरू होते. ज्यांनी ज्यांनी शिक्षणाचे दार नव्या लोकांसाठी उघडले, त्या प्रत्येकाला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: वाटेत मुलाच्या सोबतीला कोण? या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे आणि त्यातील काही पाने आपल्या नगरशी जोडलेली आहेत. तीच येथे आपणापुढे ठेवीत आहोत.

वेशीच्या आतले शहर

मलिक अहमद निजामशहाने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात हे शहर वसवले. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. वेशीच्या आतले रस्ते माणसांसाठी, घोड्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी आखलेले होते. मशिदीतला मकतब किंवा वाड्यातली पंतोजींची शाळा घरापासून दोन-चार गल्ल्यांवर असे. मूल कोणाचे आहे हे वाण्यापासून भिस्त्यापर्यंत सर्वांना ठाऊक असे. त्यामुळे सोबतीचा प्रश्न निराळा सोडवावा लागत नव्हता. सारा मोहल्लाच सोबतीला होता.

अर्थात ही सोय मुलग्यांची होती. १५९५-९६ साली मोगल शहजादा मुराद याच्या फौजेपुढे नगरचा किल्ला लढवणारी चाँदबिबी अनेक भाषा जाणणारी होती, असे इतिहास सांगतो. पण तिच्यासाठी शिक्षक महालात येत. सामान्य घरातील मुलीच्या घरी शिक्षक येत नव्हता आणि तिला घराबाहेरची वाटही मोकळी नव्हती. म्हणून मुलींच्या शिक्षणाचा इतिहास हा बराचसा रस्त्याचा इतिहास आहे.

नगर ते भिडेवाडा

हा रस्ता ज्यांनी प्रथम तुडवला त्यांत सावित्रीबाई फुले अग्रभागी होत्या. त्यांचा नगरशी असलेला संबंध आपल्या विद्यार्थिनींना ठाऊक असावयास हवा. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई १८३९ पासून नगरला राहून मुलींच्या शाळा चालवीत होत्या. १८६२ साली याच शहरात त्यांचे देहावसान झाले. अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी सावित्रीबाई त्यांच्याकडे नगरला आल्या होत्या.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले गेले. त्या बरोबर दुसरे लुगडे घेऊन जात, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. जरा विचार करा. विरोध करणारे शाळेत शिरले नाहीत, ते रस्त्यात उभे राहिले. शाळा बंद पाडायची असेल तर वाट बंद पाडावी, हे त्यांना नेमके कळले होते. त्यावर उपाय झाला तोही वाटेचाच. सावित्रीबाईंबरोबर जाण्यायेण्यासाठी शिपाई देण्यात आला. शाळा टिकली ती शिकवणारीच्या धैर्यावर, आणि त्या धैर्याला सोबतीचा आधार मिळाला म्हणून.

घर सोडावे लागले तेव्हा फुले दांपत्याला आसरा दिला तो जोतिरावांचे मित्र उस्मान शेख यांनी. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या एका पत्रात त्यांची सहकारी फातिमा हिचा उल्लेख आपुलकीने येतो. त्या काळी एका मुस्लिम स्त्रीने या कामासाठी उंबरा ओलांडला, ही आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

डोली, गाडी आणि बंद पेटी

खास शाळेच्या मुलांसाठी वाहन असावे ही कल्पनाही मुलींच्या शाळेपासूनच निघाली आहे. १८२७ साली लंडनमधील जॉर्ज शिलिबियर या गाडी बनविणाऱ्याने क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेसाठी घोड्यांची एक लांब गाडी तयार करून दिली. तीत पंचवीस मुली बसत. जगातील पहिली शाळेची बस म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

आपल्या देशात १९०६ साली अलीगढ येथे शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. तेव्हा मुली डोलीत बसून येत. डोलीला पडदा असे आणि भोई ती शाळेच्या आत नेऊन ठेवीत. आज हे चमत्कारिक वाटेल. पण त्या डोल्या नसत्या तर त्या मुली आल्याच नसत्या. घरच्यांच्या मनाची खात्री पटवील अशी सोय संस्थेने आपल्या खर्चाने केली, म्हणून शाळा चालली.

कलकत्त्याच्या बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची हकीगत याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. त्यांनी १९११ साली आठ मुली घेऊन कलकत्त्यात शाळा सुरू केली. मुलींना घरून आणण्या-पोचवण्याची गाडी हा त्या शाळेचा प्राण होता. पुढे मोटार आली. पालकांचा आग्रह पडद्याचा, म्हणून ती चोहोबाजूंनी बंद करून घेतली होती. अरुंद जाळ्यांखेरीज हवा यायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी मुलींचे उकाड्याने हाल झाले. कोणाला उलट्या झाल्या, लहान मुली अंधारात रडू लागल्या. नंतर काही मुलींना मूर्च्छाही आली. त्या मोटारीला तर चालती काळकोठडीच म्हटले गेले. तेव्हा रुकय्या बेगमांनी जाळ्या काढून पडदे लावले. लागलीच दुसऱ्या बाजूने पत्रे आली: पडदे वाऱ्याने हलतात, बेपर्दगी होते, सुधारणा केली नाही तर वर्तमानपत्रांत लिहू. हा सारा प्रकार त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अवरोधबासिनी' या पुस्तकात नमूद करून ठेवला आहे.

या हकीगतीतून काय शिकावे? लोकांच्या नजरेपासून जपता जपता त्या मुलींना श्वासदेखील घेता येईना. सुरक्षितता म्हणजे कोंडणे नव्हे. मुलगी सुखरूप जावी म्हणून सोय करणे वेगळे, आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून तिला पेटीत घालणे वेगळे. रुकय्या बेगम दोन्ही बाजूंचा त्रास सोसत गाडी चालवीत राहिल्या. १९३२ साली त्या निवर्तल्या, पण शाळा राहिली.

पहिली एस.टी. आणि कंडक्टरची घंटी

आता पुन्हा आपल्या नगरकडे वळू. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी वाहतूक सेवेची पहिली बस धावली ती पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान. तीस आसनांची ती गाडी होती. वरचा सांगाडा लाकडी आणि आसने काथ्याची होती. आपल्या शहराला हा मान मिळाला याचा आपण अभिमान बाळगतो. शाळेच्या दृष्टीने त्या गाडीचे महत्त्व काय, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा विस्तार आणि चौदा तालुके. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेडच्या माळापर्यंत, प्रत्येक गावात हायस्कूल निघणे शक्य नव्हते. अशा वेळी एक मार्ग वसतिगृहाचा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना वसतिगृहांतून एकत्र ठेवून शिकवले, ते बरेचसे याच अडचणीवर. दुसरा मार्ग एस.टी.चा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात महामंडळ ६६.६७ टक्के सवलत देते. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, आणि त्या योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकरांचे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव. त्यांच्या नावाचा पास पर्समध्ये ठेवून आज कितीतरी फातिमा आणि आयेशा तालुक्याच्या शाळेत जातात, ही मोठी समाधानाची बाब आहे.

एस.टी.ने आणखी एक गोष्ट दिली. गाडी चालवणारा वेगळा आणि माणसांवर लक्ष ठेवणारा वेगळा, ही पद्धत. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर असते. दार लागले की नाही, म्हातारी उतरली की नाही, मूल पायरीवर तर उभे नाही, हे कंडक्टर पाहतो आणि मगच घंटी देतो. गाडीत दुसरे जबाबदार माणूस असणे ही खरी सोबत. पालकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण शहरातील शाळकरी वाहतुकीत नेमके हेच माणूस गळून पडले.

शहर वाढले, सोबत घटली

पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळकरी मूल पायी जाई, सायकलवर जाई, फार तर टांग्यात बसे. मग नागापूरला औद्योगिक वसाहत झाली. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, मुकुंदनगर अशा वस्त्या वाढल्या. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पुणे, मनमाड, सोलापूर, कल्याण आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारे रस्ते याच शहरात येऊन मिळतात. २०२२ साली उड्डाणपूल सुरू झाला आणि पुष्कळ जड वाहने वरून जाऊ लागली. पण शाळेत जाणारे मूल पुलावरून जात नाही, ते खालून रस्ता ओलांडते.

शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले आहे. परंतु माध्यमाच्या निवडीमुळे किंवा उर्दू प्राथमिक शाळेपुढे हायस्कूल लांब असल्यामुळे आपल्या मुलांचे अंतर वाढते. सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात हेच सांगितले होते की, मुस्लिम वस्त्यांच्या जवळ प्राथमिकनंतरच्या शाळा, विशेषतः मुलींच्या शाळा, कमी आहेत आणि त्यामुळे मुली गळतात. अंतर हे कारण वरकरणी साधे दिसते, परंतु आपल्या समाजातील किती डॉक्टर आणि किती शिक्षिका त्या अंतरात हरवल्या असतील याचा हिशेब कोणी मांडावा?

हे अंतर आता रिक्षा आणि व्हॅन भरून काढतात. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. शाळेच्या वेळी तीत किती मुले असतात हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. आडवी फळी टाकून त्यावर मुले, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मुले, बाहेरच्या अंगाला लोंबणारी दप्तरे. तीन चाकांच्या वाहनात वजन मागे आणि बाजूला गेले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर तोल जातो. लोंबणारे दप्तर शेजारच्या वाहनात अडकू शकते. शिवाय येथे ना कंडक्टर, ना घंटी. सर्वांत लहान मूल उतरून रिक्षाच्या मागून की पुढून गेले, हे चालवणाऱ्याला दिसतही नाही.

मात्र सारा दोष रिक्षावाल्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तोही आपल्यातलाच एक बाप आहे. दहा मुलांनी वाटून घेतलेले भाडे पाच मुलांनी वाटून घेतले तर प्रत्येकाचा वाटा दुप्पट होतो. आपण कमी भाड्याचा आग्रह धरतो आणि तो जास्त मुले भरतो. या व्यवहारात दोघेही भागीदार आहेत, म्हणून उपायही दोघांनी मिळूनच काढावा लागेल.

पिवळा रंग आणि कायद्याचा मार्ग

शाळेची बस पिवळी का, हे विद्यार्थ्यांनी कधी विचारले आहे काय? १९३९ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी एक परिषद बोलावली. तोपर्यंत अमेरिकेत मुलांना नेण्यासाठी वाटेल ती वाहने वापरली जात, प्रसंगी शेतातल्या गाड्यादेखील. शिक्षण खात्याचे अधिकारी आणि गाड्या बनविणारे सात दिवस एकत्र बसले आणि त्यांनी ४४ नियम ठरवले. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांबून ओळखू यावा आणि त्यावरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता यावीत, म्हणून हा पिवळा रंग निवडला गेला. रंग ही शोभा नव्हे. आत मुले आहेत, सांभाळा, असा तो इशारा आहे.

आपल्या देशात नियम आले ते एका दुःखद घटनेनंतर. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले दगावली. दोनच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने एका चालू खटल्यात दिल्लीच्या वाहतुकीविषयी कडक आदेश दिले आणि डिसेंबर महिन्यात शाळेच्या बसविषयी आणखी आदेश दिले. ड्रायव्हरला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. भरधाव किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल एकदाही दंड झालेला माणूस या कामावर नसावा. खिडक्यांना आडवे गज, दाराला पक्की कडी, आत प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवण्याचे साधन असावे. मुलांकडे पाहणारा सेवक असावा. आणि कोणाही पालकाला किंवा शिक्षकाला पाहणीसाठी बसमधून जाता यावे. हे शेवटचे कलम फार मोलाचे आहे.

महाराष्ट्राने २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली केली. पिवळा रंग, वेग आवरणारे यंत्र, संकटकाळी बाहेर पडण्याचे दार, मुली असल्यास स्त्री-सेविका, अशा गोष्टी त्यात आल्या. एस.टी.च्या कंडक्टरची जागा येथे कायद्याने पुन्हा भरून निघाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असावी, असे या नियमांनी बंधनकारक केले. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खाते आणि बस चालवणारे यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. मुलांची ने-आण सुरक्षित होते की नाही हे पाहणे, थांबे आणि भाडे यांचा विचार करणे, हे तिचे काम. म्हणजे सावित्रीबाईंना जी सोबत खासगी रीतीने मिळवावी लागली, ती आज प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून कागदावर आली आहे. ती कागदावरून रस्त्यावर आणणे तेवढे आपल्या हाती आहे.

पालक उठले तर काय होते

नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे पहिल्यापासून असे नव्हते. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. एका पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर मोटारीखाली गेली. त्याने लेखणी उचलली, आणि मुलांच्या या हत्या थांबवा अशी हाक देणारी चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर आले, गल्ल्या अडवून मुलांना खेळू दिले, सरकारदरबारी धरणे धरले. हळूहळू रस्त्यांची आखणी बदलली, वस्तीतील वेग कमी झाला, सायकलींना वेगळी वाट मिळाली. श्रीमंतीने हे घडले नाही, कारण श्रीमंत तर तो देश आधीही होता. पालकांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली तेव्हा ते घडले.

जपानमध्ये पहिलीतली मुले पिवळ्या टोप्या घालून मोठ्या मुलांबरोबर रांगेने शाळेत जातात. ऑस्ट्रेलियातून १९९० नंतरच्या दशकात 'चालती शाळाबस' ही कल्पना निघाली. वाहन नाही, इंधन नाही. एक पालक पुढे, एक मागे, मध्ये मुलांची रांग, आणि ठरलेल्या घरांपाशी ठरलेल्या वेळी थांबा. आपला जुना मोहल्ला जे आपोआप करीत होता, तेच येथे ठरवून केले जाते.

आपण काय करावे

पालकहो, आता कामाच्या चार गोष्टी सांगू.

पहिली, आपल्या शाळेत परिवहन समिती आहे काय आणि तिची बैठक केव्हा झाली, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा. नसेल तर ती स्थापन व्हावी म्हणून अर्ज द्या आणि प्रतिनिधी म्हणून आईचेही नाव सुचवा. मुलांना थांब्यापर्यंत रोज पोचवणाऱ्या त्याच असतात, म्हणून अडचणी त्यांनाच अधिक ठाऊक असतात.

दुसरी, मूल ज्या वाहनातून जाते त्यात एक दिवस स्वतः बसून जा. मुले मोजा. ड्रायव्हरचा परवाना, वाहनाचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र पाहा. त्यात अपमान कसला? स्थळ पाहताना आपण चार पिढ्यांची चौकशी करतो, मग ज्याच्या हाती रोज मूल सोपवतो त्याची चौकशी करण्यात संकोच नको. एका मोहल्ल्यातील पालकांनी एकत्र येऊन रिक्षावाल्याशी बोलावे. कमी मुले, दोन फेऱ्या आणि त्याला परवडेल असे भाडे यांचा मेळ घालावा. ज्या घरांना ते भाडे झेपत नाही त्यांना पुस्तके आणि गणवेश यांसाठी करतो तशीच मदत प्रवासासाठीही करावी. पास आणि भाडे हीसुद्धा तालीमच आहे.

तिसरी, ज्यांचे घर एक किलोमीटरच्या आत आहे त्यांनी मुलांना गटाने पायी पाठवावे आणि आळीपाळीने एका मोठ्या माणसाने बरोबर जावे. मुलींच्या बाबतीत तर हा उपाय फार उपयोगी आहे. सातवीनंतर एकटी मुलगी पाठवायला मन धजत नसेल, तर पाच मुली मिळून पाठवा. पण शाळा थांबवू नका.

चौथी, मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चार वर्षांवरील मुलाला मागे बसवताना हेल्मेट आवश्यक आहे. त्याहून लहान मूल असेल तर हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यासाठी एक गणित. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. ड्रायव्हरच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत हा एक सेकंद जातो. पुढे गाडी थांबायला आणखी सुमारे ९ मीटर लागतात. एकूण वीस मीटर. वेग ६० असेल तर हेच अंतर ३६ मीटरच्या पुढे जाते. म्हणून 'गाडी लांब आहे, पळत जाऊ' हा हिशेब धोक्याचा. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून कधीही धावू नका, कारण तुमची उंची कमी असते आणि तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. बस निघून जाऊ द्या, दोन्हीकडे पाहा, मग ओलांडा. आणि मोठ्या मुलामुलींनो, तुमच्याबरोबर उतरणाऱ्या लहानग्याचा हात धरा. शाळेच्या आर.एस.पी. पथकातला गणवेश मिळो न मिळो, ते काम तुमचेच आहे.

शेवटी एवढेच सांगणे आहे. पडद्याच्या डोलीपासून पिवळ्या बसपर्यंत प्रत्येक पिढीने आपल्या मुलांसाठी आपल्या ऐपतीप्रमाणे सोबत शोधली. कोणी शिपाई दिला, कोणी डोली दिली, कोणी बदनामी सोसून गाडी चालवली. आपल्या पिढीला कायदा मिळाला आहे आणि समितीत बसायला एक खुर्चीही मिळाली आहे. ती रिकामी राहिली तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. येत्या जूनमध्ये शाळेची पहिली घंटा होण्यापूर्वी प्रत्येक घरात हा एक प्रश्न विचारला जावा: माझ्या मुलाच्या, माझ्या मुलीच्या वाटेवर सोबतीला कोण आहे? याचे पक्के उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू नका, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून मुलीचे दप्तरही खुंटीला टांगू नका.